कुंडीतली उडणारी खसखस: कोलशेतच्या एका बाल्कनीतल्या पाच ऑर्किडची केस

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दोन दिवस पाऊस नुसता लागून राहिला होता, सकाळी सव्वासातला आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या बी विंगच्या काकूंचा फोन आला. "अगं जरा येतेस का लगेच, ऑर्किडच्या कुंडीत पिसवा झाल्यात, आणि छोट्याच्या पायावर लाल लाल फोड आलेत." मी गॅसवरचा चहा तसाच बंद करून गेले. काकूंनी बाल्कनीतल्या टेबलावरची पांढरी चिनी मातीची कुंडी माझ्यासमोर धरली, आतली प्लास्टिकची कुंडी वर उचलली, आणि तळाशी साठलेल्या बोटभर पाण्यावर कोणीतरी खसखस सांडल्यासारखं काहीतरी तरंगत होतं. मी त्यावर हळूच फुंकर मारली तर ती खसखस टुणटुण उडाली, दोन-तीन कण माझ्या मनगटावर येऊन पडले आणि पुन्हा उडाले.

ते स्प्रिंगटेल होते, म्हणजे ओल्या कुजक्या जागेत राहणारे, उड्या मारणारे बारीक जीव. पिसवा नाहीत. पण हे काकूंना पटवायला अर्धा तास गेला, आणि पुढचं सगळं प्रकरण मिटायला जवळपास तीन महिने गेले. त्यात माझी एक चूक झाली आणि तिच्यापायी एक झाड गेलं, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतेय. पावसाळ्यात मला याच प्रकारचे फोन येतात, कोणी घोडबंदरवरून, कोणी ऐरोलीहून, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "कुठलं औषध मारू?"

आधी बाल्कनी कशी आहे ते सांगते, कारण उत्तर तिथेच होतं. 14वा मजला, तोंड पश्चिमेला, समोर येऊरचे डोंगर. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर कडक ऊन आणि पावसाळ्यात वारा फिरला की पाऊस थेट ग्रिलमधून आत. काकूंकडे पाच ऑर्किड. तीन फॅलेनॉप्सिस, म्हणजे गिफ्ट म्हणून मिळतात ती फुलपाखरासारख्या मोठ्या फुलांची, तिन्ही मुलाने दोन वर्षांपूर्वी आणलेली. एक डेंड्रोबियम, ते काकांनी स्वतः लावलेलं. काका आता नाहीत, त्यामुळे त्या झाडाला हात लावताना काकू दोनदा विचार करतात. आणि एक व्हँडा, ग्रिलला टांगलेल्या जाळीच्या बास्केटमध्ये, बास्केटमध्ये फक्त कोळशाचे चार तुकडे, बाकी मुळं सगळी हवेत लोंबकळलेली.

मला बोलवायच्या आधी पंधरा दिवस काकूंनी काय काय केलं होतं त्याची यादी त्यांनीच सांगितली, आणि यात त्यांना दोष द्यायला मला अजिबात जमणार नाही कारण घाबरलेला माणूस हेच करतो. आधी नीम तेल. मग साबणाचं पाणी. मग मोबाईलवरच्या कुठल्यातरी व्हिडिओत बघून मुळांवर दालचिनीची पूड. मग कुंड्यांभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ, जिचा उपयोग शून्य, कारण किडे बाहेरून येतच नव्हते, ते कुंडीच्या आतच जन्मत होते. शेवटी पेस्ट कंट्रोलवाला. त्याने झुरळांचं औषध बाल्कनीभर आणि कुंड्यांवरही फवारलं, पैसे घेतले, चौथ्या दिवशी किडे परत. पानांवर मात्र त्या औषधाचे तेलकट तपकिरी डाग कायमचे राहिले. दालचिनीचं मुद्दाम सांगते. मूळ कापल्यावर कापलेल्या तोंडापुरती चिमूटभर लावतात ते ठीक, पण जिवंत मुळांवर भुरभुरवली तर ती त्यांना कोरडं पाडते, आणि तिथे असंही झालं होतं की आत मुळं सडतायत आणि बाहेरची जी धड होती ती दालचिनीने सुकतायत.

मग मी ओळखपरेड घेतली. पांढरा कागद घेतला, कुंडीतला वरचा चमचाभर चुरा त्यावर झटकला आणि नातवाच्या शाळेच्या किटमधलं भिंग मागवून घेतलं. छोटा पण आला बघायला. भिंगाखाली लांबट, मळकट पांढरा जीव, सहा पाय, पुढे दोन छोट्या मिशा, पंख नाहीत. पिसू चपटी असते, दोन बाजूंनी दाबल्यासारखी, गडद तपकिरी, आणि बोटाने दाबली तरी सहज चिरडत नाही. हे इतके मऊ होते की कागदावरून उचलताना फुटत होते. मी एकाच्या मागे काडी नेली तर तो उडाला आणि छोटा ओरडला, "आजी, याला शेपटीची स्प्रिंग आहे!" अगदी बरोबर बोलला. पोटाखाली एक दुहेरी काटा दुमडलेला असतो, तो एका छोट्या आकड्यात अडकवून ठेवलेला असतो, धोका वाटला की आकडा सुटतो, काटा जमिनीवर आपटतो आणि प्राणी हवेत. कुठे जाऊन पडणार हे त्याचं त्यालाही ठरवता येत नाही. आणि छोट्याच्या पायावरचे फोड डासांचे होते, काकूंनी त्याच संध्याकाळी जाळी नीट लावली तर नवे आले नाहीत. स्प्रिंगटेल चावतच नाहीत, माणसाला चावता येईल असं तोंडच नाही त्यांना.

या जिवांबद्दल अजून थोडं, कारण मला ते आवडतात. शास्त्रात यांच्या गटाला कॉलेम्बोला म्हणतात, हे नाव जॉन लबक या इंग्रज अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात दिलं, आणि आता यांना कीटकांमध्येही धरत नाहीत, कीटकांचे सख्खे शेजारी म्हणून वेगळे ठेवतात. स्कॉटलंडमधल्या रायनी इथल्या दगडात यांचा जीवाश्म सापडलाय, वय सुमारे 40 कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉर यायच्या कितीतरी आधीपासून हे ओल्या पालापाचोळ्यात उड्या मारतायत. खातात काय, तर बुरशी, शेवाळ, कुजणारं सगळं. कातडी इतकी पातळ की हवा कोरडी झाली की अंगातलं पाणी उडून जातं आणि मरतात. पण तीच कातडी पाण्याने भिजत नाही, म्हणून कुंडी बुडवली की बुडत नाहीत, वर येऊन तरंगतात. माझं म्हणणं असं की कुंडीत हे शंभराच्या हिशोबात दिसले तर घाबरायचं नाही, विचारायचं, इथे एवढं कुजलंय काय?

तर काय कुजलं होतं? पाच झाडं एकाच बाल्कनीत, पाणी देणारा हात एकच, पाऊस एकच, आणि तरी किड्यांची वाटणी बघा. व्हँडावर एकही नाही. डेंड्रोबियम मातीच्या भोकाभोकांच्या कुंडीत, काकांनी विटांचे तुकडे आणि कोळसा घालून लावलेलं, तिथे फक्त खालच्या बशीत दहा-बारा. आणि तिन्ही फॅलेनॉप्सिसमध्ये अक्षरशः बुजबुजाट. तिन्ही पारदर्शक प्लास्टिकच्या कुंड्यांत, त्या कुंड्या भोक नसलेल्या चिनी मातीच्या शोभेच्या कुंड्यांत, आणि प्लास्टिकच्या आतल्या भिंतीला हिरवं शेवाळ, जे या किड्यांचं जेवण. औषधवाल्याने पाचही झाडांवर सारखंच फवारलं होतं. मग किडे तीनच ठिकाणी परत आले याचा अर्थ साधा होता, गडबड त्या कुंड्यांच्या ओलीत होती, पण तो अर्थ कळूनही मी पुढे घोळ घातला.

काकू शाळेतून रिटायर झालेल्या, सगळं वहीत लिहायची सवय. त्यांनी पाणी दिल्याची वही काढली. एक दिवसाआड, दर कुंडीला एक वाटी, मार्चपासून जुलैपर्यंत एकही दिवस न चुकवता. मार्च-एप्रिलमध्ये हे ठीकच होतं, त्या बाल्कनीत दुपारी भाजून निघतं सगळं. पण जूनला पाऊस लागला आणि वहीतली टिकमार्क तशीच चालू राहिली. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, हवेत इतका दमटपणा की चादरी वाळत नाहीत, मीठ पाझरतं, तिथे कुंडी कशी वाळणार. वर शोभेच्या कुंडीच्या तळाला साठलेलं पाणी. मी काकूंना म्हटलं, "काकू, तुमची नियमितता चांगलीच आहे, फक्त झाडाला कॅलेंडर कळत नाही." त्या गप्प झाल्या, मग हळूच म्हणाल्या, "सुकून जाईल असं वाटायचं गं."

पहिल्या दिवशी मी ठरवलं ते असं. शोभेच्या कुंड्या बंद, आतल्या कुंड्या जाळीच्या स्टँडवर, बाल्कनीतून आत हॉलच्या खिडकीजवळ, दिवसभर छोटा टेबल फॅन बाजूला भिंतीकडे तोंड करून, आणि पाणी बंद. तिन्ही कुंड्या एकदा बादलीत काठापर्यंत वीस मिनिटं बुडवून वर तरंगलेले किडे ओतून द्यायचे, मग निथळू द्यायच्या. आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन घेऊन वहीत लिहायचं. वजनाची आयडिया मी सगळ्यांना देते, कारण बोट खुपसून वरचा थर कळतो, कुंडीच्या पोटातलं कळत नाही, आणि काटा खोटं बोलत नाही.

कुंड्या बदलायच्या नाहीत असं मात्र मी सांगितलं. ही माझी चूक. मधल्या झाडाला दांडी आली होती, सात कळ्या, काकूंना त्या कळ्यांची फार आस होती, आणि मला वाटलं नुसतं वाळवून भागेल, फुलं झाली की सप्टेंबरात बदलू.

वजनं काय आली बघा. बुडवून निथळल्यावर मधली कुंडी 520 ग्रॅम. चार दिवसांनी 506. नऊ दिवसांनी 489. पंख्यासमोर, थेंबभर पाणी न देता, नऊ दिवसांत फक्त 31 ग्रॅम. वरचे सालीचे तुकडे मात्र खडखडीत कोरडे दिसत होते. म्हणजे पाणी आत कुठेतरी कोंडून बसलं होतं आणि हे मला नवव्या दिवशीच कळायला हवं होतं. किडे वरून कमी झाले म्हणून आम्ही दोघी खूश होतो, ते फक्त खाली सरकले होते.

27 जुलैला काकूंचा दुसरा फोन. आता घरात काळी चिलटं. फळांवर येतात ती नाहीत, ही बारीक, लांब पायांची, काळपट, टीव्हीच्या स्क्रीनसमोर आणि चहाच्या कपाभोवती घोटाळणारी, उडायला कमजोर, कुंडीच्या काठावरून पळत जाणारी. ही फंगस नॅट, याला आपण बुरशीचं चिलट म्हणूया. यांची मोठी माशी काहीच करत नाही, त्रास अळीचा. मी बटाट्याची जाडसर चकती कापून प्रत्येक कुंडीत ओल्या भागावर सपाट दाबून ठेवायला सांगितली. दोन दिवसांनी उचलली तर डाव्या कुंडीतल्या चकतीखाली चार-पाच मिलिमीटरच्या, काचेसारख्या पारदर्शक अळ्या, प्रत्येकीला टाचणीच्या टोकासारखं चकचकीत काळं डोकं. मधल्या कुंडीत नऊ मोजल्या. या अळ्या आणि स्प्रिंगटेल यांतला फरक महत्त्वाचा आहे. स्प्रिंगटेल कुजलेलं खातो आणि धडधाकट मोठ्या झाडाला सोडून देतो, अगदी कोवळी रोपं असतील आणि संख्या बेसुमार असेल तरच कुरतडतो. ऑस्ट्रेलियात त्यांची एक जात लसूणघासाची पानं खाते, पण ते शेतातलं प्रकरण, तुमच्या फॅलेनॉप्सिसचं नाही. बुरशीच्या चिलटाची अळी मात्र बुरशी खाता खाता मुळांची कोवळी टोकंही खाते आणि त्या जखमांतून सड आत शिरते. पण दोघांना घर एकाच गोष्टीने मिळतं, सतत ओलं, कुजकं मिश्रण.

मग मी कळ्यांचा विचार सोडला. 2 ऑगस्टला, रविवार नव्हता पण मी सुट्टी टाकली, बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरली आणि बसलो दोघी.

पहिली, डावी कुंडी. प्लास्टिक चारी बाजूंनी दाबून सैल केलं, झाड धरून ओढलं तर सगळा गोळा बाहेर आला आणि जो वास आला तो मी आत्ताही सांगू शकते, भर पावसाळ्यात तुंबलेल्या मोरीचा. सालीचे तुकडे बोटांत कुस्करले की चहाचा चोथा व्हावा तसे होत होते. आणि ते सगळं बाजूला केल्यावर मधोमध, मुळांच्या आत, मोठ्या लिंबाएवढा स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे स्पंजासारखं पाणी धरून ठेवणाऱ्या वाळवलेल्या वनस्पतीचा, गच्च दाबलेला गोळा, भोवती बारीक प्लास्टिकची जाळी. मी तो मुठीत पिळला. पंख्यासमोर महिनाभर ठेवलेल्या कुंडीच्या पोटातल्या त्या गोळ्यातून पाण्याची धार लागली. काकूंनी तोंडावर हात घेतला.

हा गोळा कुठून येतो ते सांगते, कारण दुकानातल्या बहुतेक फॅलेनॉप्सिसच्या पोटात तो असतो आणि घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. ही झाडं टिश्यू कल्चरने बाटलीत वाढवतात, मग पिल्लाला ओलसर मॉसच्या छोट्या गोळ्यात लावतात, आणि मोठं झालं की तो गोळा तसाच ठेवून भोवती साल भरून मोठ्या कुंडीत. मोठ्या नर्सरीत हवा, पंखे, पाणी सगळं मापात असतं, तिथे हे चालतं. आपल्या घरात नाही चालत, आणि कारण सरळ आहे. मॉस बारीक विणीचा, साल जाड. बारीक विणीचा पदार्थ पाणी धरून ठेवतो, आणि स्वतः तुडुंब भरल्याशिवाय बाजूच्या जाड पदार्थाला ते देत नाही. ओल्या स्पंजाभोवती खडी रचली तर खडी वाळते, स्पंज ओलाच. तुम्ही वरची साल बघून म्हणता कोरडी पडली आणि पुन्हा पाणी घालता. झाडाचं बुंध्याजवळचं सगळ्यात जुनं मूळ त्या स्पंजात गुदमरत बसलेलं असतं.

आणि ऑर्किडचं मूळ गुदमरतं म्हणजे काय हेही हाताने बघितलं की कळतं. मुळावर पांढरट स्पंजासारखं जाड आवरण असतं, मेलेल्या पेशींचं, पाऊस आला की टिपकागदासारखं पाणी ओढून घ्यायला. कोरडं असताना चंदेरी, ओलं झालं की हिरवं. रानात ही झाडं फांदीवर असतात. आपल्या सह्याद्रीत सीतेची वेणी आंब्या-जांभळाच्या फांदीला चिकटलेली असते, तिच्यावरही हाच पाऊस धो धो कोसळतो, चार महिने, आणि ती मजेत असते, कारण सर थांबली की वाऱ्याने मुळं निथळतात. पाऊस जास्त झाला म्हणून ऑर्किड मरतं असं नाही, हवा मिळाली नाही म्हणून मरतं. काकूंच्या टांगलेल्या व्हँडाने हेच डोळ्यांसमोर दाखवलं होतं, ती तर थेट पावसात होती.

डाव्या झाडाची चौदा मुळं मोजली. चिमटीत धरून हलकं ओढायचं, धड असेल तर टणक लागतं, सडलेलं असेल तर वरचं आवरण मोज्यासारखं निघून हातात येतं आणि आत नुसता दोरा उरतो. नऊ गेली, पाच राहिली. उजव्या झाडाची आठ चांगली निघाली. आणि मधलं, कळ्यांचं, ज्याच्यासाठी मी थांबले, त्याचं एकही धड नाही. सगळे दोरे. कळ्या त्या आठवड्यात पिवळ्या पडून गळल्याच होत्या. जुलैच्या सुरुवातीला उघडलं असतं तर दोन-तीन मुळं हाताला लागली असती असं मला मनापासून वाटतं, कारण त्या जवळपास महिनाभरात अळ्या आणि सड दोन्ही आत चालू होतं. मी काकूंना तेव्हाच सांगितलं की हे माझ्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे, तू तरी होतीस." पण ते मला अजून लागतं. ऑर्किड फुलावर असताना कुंडी बदलू नये हे आपण सगळे पाठ म्हणतो, आणि नियम म्हणून ते बरोबरही आहे, फक्त मुळं सडत असतील तर तो नियम लागू नाही. कळ्यांना जे पाणी जायचं ते मुळांतूनच जाणार ना.

कापाकापी अशी केली. कात्री प्रत्येक झाडाच्या आधी गॅसच्या ज्योतीवर तापवून घेतली. सडलेलं सगळं काढलं, मॉसचा गोळा चिमट्याने तंतू तंतू करून काढला, जाळी कापली, मुळं नळाखाली धुतली, दोन तास पेपरवर हवेत ठेवली. जुनं मिश्रण पिशवीत बांधून त्याच दिवशी खाली. नवं मिश्रण आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी मी असं करते, दोन भाग लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे, अक्रोडाएवढे, आणि एक भाग चांगली पाइनची साल. कोळसा लाकडाचाच हवा, बार्बेक्यूसाठी ठोकळे मिळतात ते नकोत, त्यात चिकटवायला बाकीचं काय काय घातलेलं असतं. कोळसा आणि वीट आधी धुऊन रात्रभर भिजवायची, नाहीतर धूळ तळाशी बसते आणि पुन्हा तोच चिखल. नारळाच्या सोडणाचे तुकडे स्वस्त पडतात, मी पण वापरायचे, पण ठाण्या-नवी मुंबईच्या जुलैत ते फार वेळ ओले राहतात, उन्हाळ्यात छान. निव्वळ कोकोपीट मात्र ऑर्किडला कधीच नाही, कोणी कितीही सांगू दे. कुंड्या त्याच पारदर्शक ठेवल्या, मुळांचा रंग दिसतो म्हणून, पण तापवलेल्या सळईने बाजूंना आणखी आठ-दहा भोकं पाडली. लावल्यावर पाच दिवस पाणी नाही.

स्प्रिंगटेल त्या आठवड्यातच संपले. एक थेंब औषध न घालता. खायला बुरशी नाही, लपायला ओल नाही.

चिलटं मात्र संपेनात. कमी झाली पण रोज संध्याकाळी आठ-दहा असायचीच, पिवळ्या चिकट कार्डावर रोज नवी. पहिले दोन आठवडे मी म्हटलं, थांबा, अंड्यापासून माशी व्हायला तीन-चार आठवडे लागतात, आधीच घरात आहेत त्या संपू देत. पाचवा आठवडा उजाडला तरी तेच. बटाट्याच्या चकत्या कुंड्यांत पुन्हा ठेवल्या, स्वच्छ. मग येतायत कुठून? मी तशी कार्डं बाल्कनीत वेगवेगळ्या ठिकाणी एक-एक लावली, आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातलं कार्ड काळं झालं होतं. त्या कोपऱ्यात काकूंचा ओल्या कचऱ्याचा कंपोस्टचा डबा. भाजीची सालं, चहाचा चोथा, कलिंगडाच्या फोडी, वरचं झाकण अर्धवट, आत सगळं पाण्यासारखं पातळ. झाकण उचललं तर चिलटांचा ढग उठला, आणि आत स्प्रिंगटेलही होते, हजारोंनी, ढवळलं की सगळा पृष्ठभाग हलल्यासारखा.

काकू म्हणाल्या डबाच टाकून देते. मी म्हटलं, अजिबात नाही. त्या डब्यात स्प्रिंगटेल हवेतच, ते बुरशी खातात, कचरा बारीक करायला हातभार लावतात, तो त्यांचा धंदाच आहे. फक्त डबा फार ओला होता. सुकी पानं आणि फाडलेला पुठ्ठा मिसळला, रोजच्या कचऱ्यावर दोन मुठी सुका थर टाकायचा ठरवलं, म्हणजे माशीला अंडी घालायला ओला पृष्ठभाग सापडत नाही, तोंडाला जुन्या सुती साडीचा तुकडा घट्ट बांधला, आणि डबा किचनच्या मागच्या ड्राय बाल्कनीत, ऑर्किडपासून लांब. तुळशीच्या आणि कढीपत्त्याच्या कुंडीत मातीत चिलटांच्या थोड्या अळ्या निघाल्या होत्या, तिथे बीटीआय एकदा आणि आठवड्याने पुन्हा घातलं, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा इस्रायलेन्सिस हा प्रकार, डासांच्या अळ्या मारायला वापरतात तोच जिवाणू. तो चिलटांच्या अळ्यांच्या पोटात गेला की काम करतो, स्प्रिंगटेलला त्याने काही होत नाही, माणसाला आणि मधमाशीलाही नाही. सप्टेंबर संपेपर्यंत कार्डावर आठवड्याला एखादंच चिलट उरलं.

कोणी विचारेल की इतकं करण्यापेक्षा एखादं कडक औषध का नाही. कारण घरात चार वर्षांचं मूल जमिनीवर खेळतंय, आणि कारण काकूंनी ते करून बघितलं होतं आणि चौथ्या दिवशी किडे परत आले होते. वरून फवारलेलं मॉसच्या गोळ्याच्या आत पोचत नाही, आणि पोचलं तरी गोळा ओलाच राहतो, म्हणजे पुढची तुकडी यायला जागा तयार. पांढऱ्या पावडरी मिळतात कोरड्या, किड्यांना ओरखडे पाडून सुकवणाऱ्या, त्या ओल्या झाल्या की निकामी, मग ओल्या कुंडीत त्यांचा काय उपयोग. औषध लागतं तिथे लागतं, पिठ्या ढेकूण मुळांना लागला असता, कापसासारखे पांढरे चिकटलेले पुंजके, जे उडत नाहीत आणि हलले तरी अगदी हळू, तर मी वेगळं बोलले असते. म्हणून आधी भिंग, मग बाकीचं.

मधल्या झाडाचं शेवटचं पान 19 ऑगस्टला गळालं. काकूंनी ती कुंडी धुऊन पालथी घातली, टाकली नाही. डाव्या झाडाने सप्टेंबरमध्ये बुंध्यातून नवं मूळ काढलं, टोक हिरवट-जांभळं, काकूंनी त्याचा रोज फोटो पाठवला. ऑक्टोबरचं ऊन सुरू झाल्यावर दोन्ही परत बाल्कनीत, दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी लावून. उजव्याला जानेवारीत दांडी आली. डेंड्रोबियमला आम्ही काहीच केलं नाही, फक्त खालची बशी काढली, काकांनी लावलं होतं ते बरोबरच लावलं होतं आणि हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ त्या कुंडीकडे बघत राहिल्या.

पाण्याचं आता कॅलेंडर नाही, वजन आहे. नव्या मिश्रणात भिजवून निथळलेली डावी कुंडी 430 भरते, पावसाळ्यातसुद्धा तीन-चार दिवसांत 370 ला येते, आणि 350 च्या खाली गेली आणि मुळं चंदेरी दिसली की पाणी, असं ठरलंय. यंदा जून लागला तसा काकूंनी वहीचं नवीन पान काढलं, वर आकड्यांचे रकाने आखले, आणि छोटा शाळेतून आला की काट्यावर कुंडी ठेवायचं काम त्याचं. काल रात्री मेसेज होता, "डावी 362. मुळं अजून थोडी हिरवी. पाणी देऊ का?" मी लिहिलं, उद्या बघा.